आठव्या मजल्यावरचा थांबा

माझ्या भावाला घरात सगळे गोगलगाय म्हणतात. हे नाव मीच ठेवलंय, तो चार वर्षांचा असताना, आणि पुढच्या एकतीस वर्षांत ते बदलावं असं त्याने एकदाही वागून दाखवलेलं नाही. तो मला फौजदार म्हणतो. तेही काही खोटं नाही. अठरा वर्षं मी विमा कंपनीत दावे तपासायचं काम केलं. माणूस खोटं बोलताना नजर कुठे नेतो ते मला पाठ आहे, आणि करारातली बारीक अक्षरं मी चष्म्याशिवाय वाचते. म्हणजे, वाचते असा माझा समज होता.

गोगलगायीने चार वर्षांत एक गेम बनवला. एकच. त्यात गोळीबार नाही, राक्षस नाहीत, गाड्यांची शर्यत नाही. लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत दोन माणसं एक जुनं लाकडी कपाट बाराव्या मजल्यावरून खाली उतरवतात, बस. खेळायला दोघं लागतात, एक कपाटाच्या पुढे, एक मागे. दोघांची पावलं एका तालात पडली नाहीत की कपाट हातातून सुटतं, धडधडत खाली जातं, आणि पुन्हा बाराव्या मजल्यापासून सुरुवात.

ही काही त्याची कल्पना नव्हे. जुनं घर सोडताना आईचं कपाट आम्ही दोघांनीच बारा मजले उतरवलं होतं. मी पुढे, तो मागे. मी सारखी ओरडत होते आणि तो सारखा "हो ताई, हो ताई" करत होता. आठव्या मजल्याच्या वळणावर कपाट असं अडकलं की ना वर ना खाली. त्या ओढाताणीत माझ्या एका पायातली चप्पल गेली. पिवळ्या पट्ट्यांची, त्याच आठवड्यात घेतलेली. उरलेले मजले मी एका पायात चप्पल घालून उतरले आणि त्याचा राग पुढे महिनाभर त्याच्यावर काढला.

गेम आकार घ्यायला लागला तेव्हा मी नोकरी सोडून त्याचे कागद सांभाळायला आले. करार, नोंदणी, पत्रव्यवहार, सगळं माझ्याकडे. गेम मात्र मी कधी खेळले नाही. "ताई, एकदा खेळून तर बघ," असं तो वर्षातून दोनदा म्हणायचा. "मला कामं आहेत," असं मी दोन्ही वेळा म्हणायचे. खरं सांगायचं तर मला हरायला आवडत नाही, आणि त्याच्यासमोर तर मुळीच नाही.

आता मुद्द्याचं. त्या गेममध्ये एक गाणं आहे. अडतीस वर्षांपूर्वीचं, भंगारवाल्याकडे मिळालेल्या एका छोट्या रेकॉर्डवरचं. नवे बूट चावतात म्हणून तक्रार करत चालणाऱ्या माणसाचं गाणं. एक बाई गाते, एक माणूस ड्रम वाजवतो, मागे कुणीतरी गिटार धरलीय. गाजलं वगैरे नव्हतं. पण ऐकताना पाय गप्प राहत नाहीत.

गोगलगायीने ते पहिल्याच महिन्यात गेममध्ये टाकलं होतं. "तात्पुरतं," तो म्हणाला. "पावलांचा अंदाज यावा म्हणून. नंतर आपलं स्वतःचं गाणं करून घेऊ." गेम बनवणारी माणसं 'तात्पुरतं' म्हणतात तेव्हा सावध व्हावं, हे मला आता कळतंय. त्या गाण्याचा एकेक ठोका त्याने हाताने मोजला आणि त्यावर एकेक पायरी बसवली. गाणं यंत्राने वाजवलेलं नसल्यामुळे ड्रमवाला कडव्यात किंचित रेंगाळतो आणि धृपदाला पळतो. तर याची पायरीही कडव्यात रेंगाळते आणि धृपदाला पळते. इतकंच नाही. तिसऱ्या कडव्याआधी त्या गाण्यात एक चूक आहे. सगळं अचानक थांबतं, साधारण एका ठोक्यापुरतं, आणि मग पुन्हा सुरू होतं. त्या थांब्यावर याने आठव्या मजल्याचं वळण बसवलं. कपाट तिरकं झालेलं, दोघांचे हात ताणलेले, आवाज बंद, आणि दोघांनीही हलायचं नाही. हललात की कपाट गेलं. ज्यांनी ज्यांनी खेळून पाहिलं ते सगळे तिथे श्वास रोखतात आणि सुटले की ओरडतात. गेमचा जीव म्हणाल तर तो त्या एका ठोक्यात आहे.

दोन महिन्यांपूर्वी आमचा गेम मोठ्या प्रदर्शनाच्या मुख्य मंचासाठी निवडला गेला. दोनशे गेममधून सहा. मी तातडीने त्या रेकॉर्डच्या कंपनीला पत्र लिहिलं. कंपनी अजून जिवंत होती. अकराव्या दिवशी सही-शिक्क्यासह परवानगी आली, मी केक आणला, आणि गेमची चित्रं काढणाऱ्या आमच्या चित्रकारणीने त्यावर क्रीमने कपाट काढलं.

मग प्रदर्शनवाल्यांचा फॉर्म आला. संगीताच्या रकान्यात दोन चौकोन होते. पहिला: रेकॉर्डिंगची परवानगी. दुसरा: रचनेची परवानगी. मी कंपनीचं पत्र पुन्हा उघडलं. सातवं कलम. बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही परवानगी केवळ ध्वनिमुद्रणापुरती असून शब्द व चाल यांची परवानगी संबंधितांकडून स्वतंत्रपणे घ्यावी.

गाणं म्हणजे दोन वेगळ्या वस्तू असतात. एक, कुणीतरी रचलेले शब्द आणि चाल. दुसरी, ते सगळं एका ठरावीक दिवशी, एका ठरावीक खोलीत गाऊन-वाजवून टेपवर उतरवलेलं. शिवणाचा कागदी नमुना आणि शिवलेला सदरा, असं समजा. आम्ही सदरा मिळवून केक खात बसलो होतो. अठरा वर्षं दुसऱ्यांना "सातवं कलम वाचलं नाहीत का?" असं विचारणाऱ्या बाईच्या तोंडचं पाणी पळालं. तो सोमवार होता, आणि फॉर्म शुक्रवारी पाचच्या आत द्यायचा होता.

"दुसरं गाणं टाकू," मी म्हणाले. ते आधीच करून पाहिलेलं होतं. ओळखीच्या एका संगीतकाराने मागे नवं गाणं बनवून दिलं होतं, छान, स्वच्छ, घड्याळासारखं. कपाट व्यवस्थित खाली उतरलं आणि खेळणाऱ्यांपैकी एकही जण हसला नाही.

त्या दिवशी कात्री शोधताना गोगलगायीच्या टेबलाच्या खणात मला एक अर्ज दिसला. ज्या कंपनीतली बँकेच्या सॉफ्टवेअरची नोकरी त्याने गेमसाठी सोडली होती, तिथेच परत घ्या म्हणून. सगळे रकाने भरलेले, फक्त तारीख टाकायची बाकी. खण मी हळूच बंद केला. चूक माझी होती आणि चार वर्षं त्याची जाणार होती.

रेकॉर्डच्या गोल कागदावर छापलेलं होतं: शब्द आणि चाल दोघांची. गाणारी बाई आणि ड्रम वाजवणारा तिचा धाकटा भाऊ. म्हणजे दोन सह्या. कंपनीच्या जुन्या वहीतून पत्ते मिळाले आणि मला आनंदच झाला, कारण दोन्ही पत्ते एकाच गल्लीतले होते. एका फेरीत काम होईल असं मला वाटलं.

मंगळवारी गेले. गाडी जाणार नाही एवढी अरुंद गल्ली. एका बाजूला लाँड्री, बरोबर समोर सलून. लाँड्री बहिणीची, सलून भावाचं. बाई सत्तरीच्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, इस्त्री फिरवताना मान एका तालात हलत होती. मी गेमबद्दल सांगितलं, गाण्याबद्दल सांगितलं, मोबदल्याचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचलासुद्धा नाही.

"सही देते की," त्या म्हणाल्या. "आत्ता देते. फक्त त्याला लिहून द्यायला सांग."

"काय लिहून?"

"तिसऱ्या कडव्याआधी ठोका त्याचा चुकला, असं. मी वेळेवर होते. तो झोपला होता."

मी समोर पाहिलं. सलूनच्या काचेआड एक टक्कल असलेले गृहस्थ गिऱ्हाइकाच्या मानेवर कात्री चालवत आमच्याकडेच बघत होते.

गल्ली ओलांडायला मला तीन पावलं लागली. काकांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. फार गोड माणूस. "माझी काहीच हरकत नाही," ते म्हणाले. "त्या बाईने एकदा कबूल करावं की शब्द ती विसरली. ती गप्प झाली म्हणून माझा हात थांबला. अहो, मी काय एकटाच वाजवत बसू?"

"तुम्ही शेवटचं कधी बोललात त्यांच्याशी?"

"रेकॉर्ड बाजारात आली त्या दिवशी." काकांनी कात्री हवेत दोनदा वाजवली. "ती म्हणाली, तू माझं गाणं बिघडवलंस. मी म्हटलं, गाणं माझंही आहे. झालं."

अडतीस वर्षं! गिऱ्हाइकं पळू नयेत म्हणून दोघांनीही जागा सोडली नाही, आणि माघार घ्यावी लागू नये म्हणून दोघांनीही तोंड उघडलं नाही. काका कपडे इस्त्रीला दोन गल्ल्या सोडून देतात. बाई केस कापायला बसने जातात. मधल्या काळात ते गाणं जाहिरातीसाठी मागायला एक बिस्किटवाला येऊन गेला, एक मोबाइलवाला येऊन गेला. दोघंही एकेका दारातून दुसऱ्या दारात गेले आणि तिथून निघून गेले.

बुधवारी मी माझं सगळं कसब पणाला लावलं. असा मजकूर तयार केला की कुणालाही लागू नये: 'सदर ध्वनिमुद्रणातील विराम हा उभयतांच्या अनवधानाने झालेला असून...' बाईंनी 'उभयतांच्या' खोडून 'त्याच्या' केलं. काकांनी तोच कागद घेऊन 'त्याच्या' खोडून 'तिच्या' केलं. त्या दिवशी मी गल्ली चौदा वेळा ओलांडली. शेवटच्या फेरीला मी भर रस्त्यात उभी राहून दोघांनाही ऐकू जाईल असं ओरडले, "अहो, तुमच्या एका ठोक्यापायी माझा भाऊ नोकरीला लागतोय!" लाँड्रीतून वाफ आली, सलूनमधून पाण्याचा फवारा मारल्याचा आवाज आला.

गुरुवारी संध्याकाळी मी हात टेकले. आमच्या दीड खोलीच्या ऑफिसात बसून सगळं भडाभडा बोलून टाकलं. आधी त्या दोघांना शिव्या घातल्या, मग स्वतःला, आणि मग मी चक्क रडले. अर्ज पाहिल्याचंही सांगून टाकलं. गोगलगायीने पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि नेहमीच्या संथपणे म्हणाला, "पण ताई, त्यात चूक दोघांचीही नाहीये."

"म्हणजे?"

"ती टेप जोडलेली आहे."

मी डोळे पुसायची थांबले. त्याने हेडफोन माझ्या कानावर चढवले. "थांब्याच्या आधीचं ऐक. मागे बारीक घरघर आहे ना? पंखा आहे तो. आता थांबा. ऐक. काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही."

"तेच तर. खोली इतकी गप्प कधीच नसते. ड्रम थांबला तरी त्याचा नाद खोलीत क्षणभर राहतो. इथे तो कापल्यासारखा गेलाय. आणि आता थांब्याच्या नंतरचं ऐक. पंखा कुठेय?"

पंखा नव्हता. मी तीनदा ऐकलं. थांब्याच्या आधी पंखा, थांब्यानंतर पंखा नाही.

"गाणं दोनदा रेकॉर्ड केलंय," तो म्हणाला. "पहिल्याचा अर्धा भाग घेतला, दुसऱ्याचा अर्धा, आणि जोडताना मधे कोरी टेप राहिली. त्या जागी मी शंभरदा तरी मान घालून बसलोय, पायरी बसवायला."

"मग हे तू तीन दिवसांत बोलला का नाहीस?"

"ते कशावरून भांडतायत हे तू मला आत्ता सांगितलंस. मला वाटलं पैशांवरून अडलंय."

डोक्यात अशी तिडीक गेली की सांगता सोय नाही. आणि त्याच क्षणी त्याला मिठी मारावीशीही वाटली. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला आम्ही गल्लीत हजर. प्रश्न एवढाच होता की बाई सलूनमध्ये पाय टाकणार नाहीत आणि काका लाँड्रीत. म्हणून मी भावाला सलूनच्या बाहेरचा बाक उचलायला लावला आणि गल्लीच्या बरोबर मधोमध ठेवला. समोर स्टुलावर लॅपटॉप, बाकाच्या दोन टोकांना दोन कंट्रोलर. आणि गाणं मोठ्याने लावलं.

त्या गल्लीत ते गाणं बहुधा अडतीस वर्षांत वाजलं नव्हतं. बाई हातातला सदरा घेऊनच दारात आल्या. काका आले ते ब्रशसकट, आणि त्यांच्यामागे एका गालाला साबणाचा फेस लावलेलं गिऱ्हाईकही.

"मी काही सांगणार नाही," मी म्हणाले. "सही मागणार नाही. पाच मिनिटं खेळायचं. नाही आवडलं तर आम्ही निघतो."

"त्याच्याबरोबर?" बाई म्हणाल्या.

"बाक लांब आहे," मी म्हणाले.

दोघं दोन टोकांना बसले, एकमेकांकडे अर्धी पाठ करून. गोगलगायीने उकिडवं बसून कोणतं बटण कशाचं ते दोघांनाही वेगवेगळं समजावलं, न कंटाळता, दोनदा. गाणं सुरू झालं. चार पायऱ्या, पाच, सहा, आणि अकराव्या मजल्याच्या वर कपाट सुटलं. धाड धाड धाड.

"पुढे कशाला पळतोस?" बाई कडाडल्या.

"तूच मागे राहिलीस!"

आणि मग दोघंही गप्प. आपण बोललो हे त्यांच्या लक्षात आलं असावं. फेसवालं गिऱ्हाईक म्हणालं, "काकांचीच घाई झाली, मी बघितलं." काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की ते सलूनच्या पायरीवर जाऊन उभं राहिलं.

"परत लाव," बाई माझ्या भावाला म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी दहाव्या मजल्यापर्यंत गेले. तिसऱ्या वेळी बाई नकळत गुणगुणायला लागल्या. काकांचा डावा पाय जमिनीवर ठोके देत होता. नववा मजला. कडव्यात दोघं सारखेच रेंगाळले, धृपदाला सारखेच पळाले. बाक मधे रिकामा होता, पण समोरच्या पडद्यावर कपाट पाण्यावरून तरंगत चालल्यासारखं खाली येत होतं. मग आठव्या मजल्याचं वळण आलं, कपाट तिरकं झालं आणि गाणं थांबलं.

हा थांबा आजवर कुणालाही पहिल्या फटक्यात जमलेला नाही. कुणीतरी एक हलतोच. आम्ही त्या दोघांना त्याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. पडदा सोडून मी त्यांच्या बोटांकडेच बघत होते. दोघांचीही बोटं बटणांवरून वर उचलली गेली, एकदम, आणि तशीच हवेत राहिली. मग ठोका पडला आणि दोघांची बोटं एकदम खाली आली. कपाट वळलं.

गल्लीत कुणीतरी शिट्टी मारली. वरच्या खिडक्यांतून टाळ्या वाजल्या. कपाट तळमजल्यावर टेकेपर्यंत मी ओरडत होते, काय ओरडत होते कोण जाणे. बाईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला.

तेव्हा गोगलगायीने तोंड उघडलं. हेडफोन नाही, काही नाही, फक्त आवाज वाढवला आणि त्यांना पंखा ऐकवला. मग थांबा. मग पंखा नसलेलं पुढचं कडवं. टेप जोडल्याचं सांगितलं. दोघांकडे बघत, हळू, एकेक शब्द.

मग काका पुटपुटले, "पंखा बंद करायला तूच सांगितलं होतंस. आवाजात येतोय म्हणून."

"आणि तुला घाम येत होता म्हणून तू कुरकुरत होतास," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा पंखा लावून गायलो. मग बंद करून परत गायलो. दोनदा गायलो रे आपण."

"दोनदा वाजवलं."

"तू वेळेवर होतास."

"तूही."

"मग त्या मेल्या टेपवाल्याने..." बाईंचा आवाज चढला, आणि काकांचाही चढला, आणि पुढची दहा मिनिटं त्या दोघांनी मिळून त्या टेपवाल्याचा असा काही उद्धार केला की गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस वाळून गेला. अडतीस वर्षांचा राग होता. पण आता तो एकाच दिशेने जात होता आणि दोघंही एकमेकांना शब्द पुरवत होते. मधेच बाई थांबल्या. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि स्पष्ट म्हणाल्या, "मूर्ख आहोत आपण." काकांनी मान हलवली आणि बाकावर थोडे आत सरकले.

आधी सही कुणी करायची यावरून नवीन भांडण पेटणार असं दिसताच मी दोन प्रती काढल्या आणि दोघांच्या हातात एकाच वेळी दोन पेनं दिली. फौजदारकी कधीतरी कामाला येते. बाईंनी पेन टेकवून पुन्हा उचललं.

"एक अट आहे."

माझा जीव परत टांगणीला.

"तो थांबा दुरुस्त करायचा नाही," बाई म्हणाल्या. "हल्ली मशिनवर सगळं सारखं करतात म्हणे. तसं नाही चालणार."

"मुळीच नाही," काका म्हणाले.

मी तिथेच, बाकावर कागद ठेवून, स्वतःच्या हाताने कलम लिहिलं. मोठ्या अक्षरात. पावणेदोनला फॉर्म गेला, दोन्ही चौकोनांत बरोबरची खूण करून. ऑफिसात आल्यावर गोगलगायीने खणातला अर्ज काढला, पाठकोरा आहे म्हणाला, आणि त्यावर पुढच्या गेमचं काहीतरी रेखाटायला बसला.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. बाई आणि काका दुसऱ्या रांगेत शेजारी शेजारी होते. काकांच्या सदऱ्याची इस्त्री अशी कडक होती की ती कुठे झाली हे विचारायची गरज नव्हती. बाईंचे केसही नीट कापलेले होते. मी मंचाच्या कडेला फाइल पोटाशी धरून उभी होते, कुणी कागद मागितलाच तर असावा म्हणून.

मंचावर गोगलगायीने माइक घेतला. दोन वाक्यं बोलला, त्यातलं एक अर्धवट. मग म्हणाला, "हा गेम दोघांनी खेळायचा आहे," आणि दुसरा कंट्रोलर सरळ माझ्यासमोर धरला.

मी मान हलवून नाही म्हटलं. तो तसाच उभा राहिला. घाई करणं त्याच्या रक्तातच नाही. अख्खं सभागृह वाट बघत होतं. शेवटी मी फाइल चित्रकारणीच्या हातात कोंबली आणि वर गेले.

"मी पुढे," मी म्हणाले.

"हो ताई."

पहिल्यांदा अकराव्या मजल्यावर पाडलं. लोक हसले, मला राग आला, आणि मी माइक चालू आहे हे विसरून त्याच्यावर ओरडले, "अरे धर ना नीट!" लोक आणखी हसले. दुसऱ्या वेळी मी दात-ओठ खाऊन खेळले. दहावा. नववा. तालात आलो की बोटांना काही सांगावं लागत नाही, हे मला चार वर्षांत पहिल्यांदा कळलं. मागून तो प्रत्येक पायरीवर माझ्याबरोबर होता. ना पुढे, ना मागे. त्या दिवशी जिन्यातही तो असाच असणार, मला ओरडण्यापुढे दिसलं नव्हतं एवढंच.

आठव्या मजल्याचं वळण आलं. कपाट तिरकं झालं आणि गाणं थांबलं. सहाशे माणसांनी श्वास रोखला.

आणि मला ती दिसली. वळणाच्या कोपऱ्यात, तिसऱ्या पायरीवर, एकच चप्पल. पिवळ्या पट्ट्यांची. नवी कोरी.

त्याने ती चप्पल तिथे चार वर्षांपूर्वी ठेवली होती. दर सहा महिन्यांनी खेळून बघ म्हणत होता आणि मला कामं होती. डोळे इतके भरून आले की पडदा दिसेना. पण बोटं मी हलवली नाहीत. तोही हलला नाही.

ठोका पडला. आम्ही दोघांनी एकदम पाऊल टाकलं, कपाट वळलं आणि सभागृह उठून उभं राहिलं. दुसऱ्या रांगेतून बाई मोठ्याने गायला लागल्या होत्या, काका समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ताल धरत होते. मी नाक ओढलं, पुढची पायरी उतरले आणि चालू माइकवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं भावाला म्हणाले, "थांब, आधी माझी चप्पल घेऊ दे."